आफींच्या दहा नंबरात

थर्मासमधली कॉफी संपली तेव्हा मार्लिसने केकचा डबा उघडला.

"तो त्राउस्तीसाठी आहे," तिचा नवरा ओद्दुर म्हणाला.

"हो ना. मग त्राउस्ती कुठाय?"

ओद्दुरने पुन्हा एकदा रस्त्याकडे पाहिलं. या मुलखात रस्ते वळत नाहीत. दर मैलाला एक उभा आणि एक आडवा, मोजणीच्या रेषांवरच ओढलेले. येणाऱ्याची धूळ तो यायच्या बरीच आधी दिसते. सकाळपासून एकच धूळ दिसली होती आणि ती दुधाच्या ट्रकची होती.

स्वावा पिकअपच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसली होती. समोर क्नूट ट्वेट यांचं जवस फुललं होतं, पार आभाळाला टेकेपर्यंत निळं. आल्या आल्या तिला ते फार सुंदर वाटलं होतं. आता तिला त्या निळ्याचा कंटाळा आला होता. डासांना मात्र तिचा आला नव्हता.

"फोनवर तो नक्की काय म्हणाला, पब्बी?" तिने वडलांना विचारलं.

"सही करीन म्हणाला. पण आधी मम्माचा दहा नंबर डोळ्यांनी बघीन, तिथेच भेटू. मी म्हटलं, पत्ता सांगतो. तर म्हणे, नको, मला मोजता येतं."

"मोजता येतं?"

"असंच म्हणाला. गिमलीची माणसं! सरहद्दीपलीकडे राहिली की अशीच होतात."

राग्ना आत्या सरहद्दीपलीकडे, कॅनडातल्या मॅनिटोबात, गिमलीला राहायला गेली त्याला आता पन्नासाहून जास्त वर्षं झाली होती. स्वावाने तिला कधी पाहिलं नव्हतं. तिचा मुलगा त्राउस्ती त्यानंतर आज पहिल्यांदाच डाकोटात येत होता. राग्ना इथून गेली ती याच चाळीस एकरांच्या वादावरून. मरण्याआधी ओद्दुरच्या आजोबांनी, सेमुंदुर आफींनी, पाद्रीबोवांना आपल्या मायदेशाच्या भाषेत मृत्युपत्र सांगितलं. त्यात मुलगा ब्रांदुर, म्हणजे ओद्दुरचे वडील, यांना सगळं आणि मुलगी राग्ना हिला एक तुकडा होता. पाद्रीबोवांनी ते इंग्रजीत उतरवून काउंटीच्या कचेरीत नोंदवलं, आणि मग कळलं की आफींनी मुलीला दिलेला तुकडा त्यांचा नव्हताच. तो ट्वेटांचा होता, पहिल्या नांगरटीपासून. राग्ना भावाला चोर म्हणाली. भाऊ म्हणाला, कागद बघ. ती नवऱ्याला आणि तान्ह्या त्राउस्तीला घेऊन उत्तरेला निघून गेली.

त्यानंतर घरात 'आफींचा दहा नंबर' ही एक म्हण झाली. कात्री सापडेना, की दहा नंबरात बघ. कोणी नसलेल्या पैशांच्या गोष्टी करू लागला, की हा दहा नंबरातून आलाय. लहानपणी स्वावालाही वाटायचं की दहा नंबर ही हरवलेल्या वस्तू जिथे जातात ती जागा आहे.

ती आता ग्रँड फोर्क्सच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती, आणि आपल्या सवयीप्रमाणे तिने ते वाक्य कचेरीतून स्वतः उतरवून आणलं होतं. तिने घडी उघडली आणि पुन्हा वाचलं. वायव्य चौथाईची नैर्ऋत्य चौथाई, सेक्शन दहा, टाउनशिप एकशे साठ उत्तर, रेंज पंचावन्न पश्चिम. असली वाक्यं शेपटाकडून वाचायची असतात. आधी रेंज आणि टाउनशिप, म्हणजे सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा मोठा चौकोन. त्याचे एकेका मैलाचे छत्तीस सेक्शन. त्यांतला दहावा. त्याचे चार भाग करून वायव्येचा घ्यायचा, त्याचेही चार करून नैर्ऋत्येचा. चाळीस एकर उरतात. पश्चिमेच्या रस्त्यालगत, अगदी इथे, जिथे ती बसली होती.

चूक कुठेच नव्हती, आणि तरी वाक्य खोटं होतं. हे तिला नीट पचत नव्हतं.

"आफींच्या नावावर इथलं ढेकूळसुद्धा नव्हतं ना?"

"नव्हतं," ओद्दुर म्हणाला. "शेवटी त्यांना काही कळत नव्हतं. चर्च सोळामध्ये आहे म्हणायचे. चर्च एकवीसमध्ये आहे! डोक्यावर क्रॉस असलेली इमारत ज्याला सापडत नाही, त्याला जमीन काय सापडणार?"

"तुझ्या आजोबांनी माझ्या मामाचं शेत वाटून टाकलं," मार्लिस केकचा तुकडा कापत म्हणाली. ट्वेट तिचे सख्खे मामा. "आम्ही नॉर्वेजियन माणसं साधी. आम्ही फक्त आपलंच वाटतो."

"आणि त्यावर साखरेचा थर देता," ओद्दुर केककडे बघत म्हणाला. "विनारतेर्तावर साखर! गिमलीवाला हे बघूनच परत जाईल."

"जमीनच नव्हती, तर हक्क सोडल्याची सही कशाला हवी?" स्वावाने विचारलं.

"मला नको, साखरेचं बीट लावायला जमीन घेतोय, त्या बीटवाल्याच्या वकिलाला हवी. आपल्या नोंदींत एक मृत्युपत्र लोंबकळतंय, त्यात राग्ना आत्याचं नाव आहे. तिच्या वारसाने सोडलं म्हणून लिहून दिलं, की सत्तावीसचा व्यवहार पुरा."

सत्तावीस म्हणजे घर. तीन मैल दक्षिणेला ओद्दुरची थोरली बहीण हाल्दोरा ज्या घरात एकटी राहत होती ते, आणि त्याच्या भोवतीचं सगळं. मार्चमध्ये हाल्दोरा बर्फावरून पायऱ्यांवर पडली, तेव्हा विकायचं असं ठरलं. हाल्दोराने गावातल्या वृद्धाश्रमात जायचं. खोली बागेच्या बाजूची मिळणार होती. त्या वेळी स्वावानेही मान डोलावली होती. आज सकाळी आत्या सोबत आली नाही, "मला बटाटे उकडायचेत" एवढंच म्हणाली, आणि तेव्हापासून आपण मान का डोलावली हे स्वावाला आठवत नव्हतं.

"चला घरी," मार्लिस म्हणाली. "तो दहा नंबरात हरवला."

ओद्दुरने पिकअपची किल्ली फिरवली.

*

हाल्दोरा बटाट्यांचं पाणी ओतायला मागच्या दारी गेली, तेव्हा झऱ्यापाशी एक माणूस गुडघे टेकून पाणी पीत होता.

ओंजळीने नव्हे, थेट तोंड लावून. टोपी शेजारी गवतावर. रस्त्याकडेला मॅनिटोबाच्या पाटीची धुळकट गाडी उभी होती. हाल्दोरा पातेलं हातात धरून उभी राहिली. त्या माणसाची मान राग्ना आत्यासारखी होती, लांब आणि थोडी डावीकडे कललेली. ती मान शेवटची पाहिली तेव्हा हाल्दोरा चौदा वर्षांची होती.

"पाणी गोड आहे," तो उठत म्हणाला. इंग्रजीत नाही, त्यांच्या भाषेत, आणि तीही जुन्या वळणाची. "मम्मा म्हणायची तसंच. ओकही तसाच वाकडा आहे. मला वाटलं होतं, वाढवून सांगत असेल."

"तुम्ही त्राउस्ती."

"आणि तुम्ही दोरा. तुम्ही तिच्या वेणीला गाठ मारली होती खुर्चीशी."

"तिने सांगितलं ते?"

"तिने सगळं सांगितलं. बाकीचे कुठे आहेत? मी बराच वेळ बसलोय. म्हटलं, घर बंद नाही, पण बोलावल्याशिवाय कसं शिरायचं."

"ते तुमची वाट बघतायत," हाल्दोरा म्हणाली. "दहा नंबरात."

"मी दहा नंबरातच आहे."

"नाही हो. हा सत्तावीस."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग घराकडे, मग ओकाकडे. थट्टा आहे का, हे तो ताडत असावा.

"सत्तावीस?" तो म्हणाला. "सत्तावीस तिकडे वर, उत्तरेला. मी मोजत आलो ना. टाउनशिपच्या आग्नेय कोपऱ्यावर लोखंडी खुंट आहे, तिथून सुरुवात केली." त्याने एक काटकी उचलली आणि कोंबड्यांनी उकरलेल्या मातीत चौकोन काढला, त्यात रेघा. "खालचा उजवा कोपरा, एक. मग पश्चिमेला दोन, तीन, चार, पाच, सहा. मग बैल वळवायचे. सहाच्या वर सात. तिथून उलट, पूर्वेला, आठ, नऊ, दहा." काटकी थांबली. "पूर्वेकडून तिसरा, खालून दुसरा. हा. मग पश्चिमेच्या रस्त्यालगतचे चाळीस एकर. झरा, वाकडा ओक. सगळं आहे. एक घर जास्त आहे, तेवढंच."

हाल्दोरा त्या काटकीकडे बघत राहिली.

इथे कोणी असं मोजत नव्हतं. इथे एक नंबर वरच्या उजव्या कोपऱ्यात असतो आणि मोजणी खाली खाली येते. शाळेत भिंतीवरच्या नकाशावर तेच होतं, काउंटीच्या कागदांवर तेच, खताच्या दुकानातल्या कॅलेंडरवरही तेच. तिने सगळ्या आयुष्यात दुसरं काही पाहिलं नव्हतं.

पाहिलं होतं.

आफी टेबलाशी बसत आणि चमच्याच्या दांड्याने मेणकापडावर रेघ ओढत. खालून वर, डावीकडे, मग वळून उजवीकडे. पहिली सहा वर्षं ते तळ्याकाठी गिमलीला होते, तिथल्या मोजणीवाल्यांची साखळी ओढायच्या कामावर. इथे आल्यावर इंग्रजी कागद त्यांनी पेटीत ठेवले आणि मोजणी डोक्यातली वापरली. "दोरा," ते म्हणत, "पब्बी पंधरामध्ये गवत कापतोय. त्याला कॉफी देऊन ये." आणि ती किटली घेऊन निघे, उत्तरेच्या कुरणात, कागदावरच्या बावीसमध्ये, आणि एकदाही चुकली नाही. पंधरा कुठे आहे, हे तिने कधी विचारलं नव्हतं. पंधरा म्हणजे ते कुरण, जसं चुलत्याचं नाव म्हणजे चुलता.

पातेल्यातलं पाणी गार झालं होतं. तिने ते कोंबड्यांच्या बाजूला ओतलं. नको तिथे ओतलं. कोंबड्या ओरडत पळाल्या.

आता काय करायचं, हे तिला कळेना. या माणसाला उत्तरेला पाठवलं, तर तो ट्वेटांच्या जवसासमोर उभा राहून चक्रावेल, भला माणूस दिसतो, म्हणून सही करेल आणि जाईल. मग हे घर बीटवाल्याचं. त्याला ठेवून घेतलं आणि खरं सांगितलं, तर घर ओद्दुरचंही नाही आणि बीटवाल्याचंही नाही, या मान कललेल्या माणसाचं. दोन्हीकडून बघितलं तरी तिचं नव्हतंच. आणि तिसरी एक गोष्ट होती, तिच्याकडे तिला बघायचं नव्हतं. हे घर तिच्या वडलांनी बांधलं होतं. ओंडक्यांचं जुनं घर चांगलं दक्षिणेच्या टोकाला उभं असताना त्यांनी नवं घर इथे, झऱ्यावर बांधलं, राग्ना गेली त्याच्या पुढच्याच वसंतात.

"मम्मा एवढंच म्हणायची," त्राउस्ती टोपी झटकत म्हणाला, "की भावाने माझ्या दहा नंबरावर घर बांधलं. पत्रही लिहिलं होतं तिने. उत्तर आलं, माझं घर दहा नंबरात नाही, कागद बघ. तिने परत लिहिलं नाही. म्हणाली, जो डोळ्यांदेखत असं म्हणू शकतो, त्याला काय लिहायचं?"

"घर दहा नंबरात नाही," हाल्दोरा म्हणाली. तिला हे नुसतं मोठ्याने ऐकायचं होतं. ते खरं होतं. शब्द न् शब्द खरं होतं.

"मी भांडायला आलो नाहीये," तो म्हणाला. "सही देणार आहे. मला मुलं नाहीत, आणि गिमलीला माझ्यापुरते मासे आहेत. मला फक्त जागा बघायची होती. मला बोलताना तुम्ही-तुम्ही करू नका, मी तुमच्याहून लहान आहे."

"मग तूही करू नकोस," हाल्दोरा म्हणाली. "आत ये. कॉफी घे. आणि ते रेघांचं काय काढलंस ते आत पुन्हा काढ. बाकीचे येतीलच, भूक लागली की."

*

मॅनिटोबाची गाडी आपल्याच घरासमोर बघून ओद्दुर इतका चिडला की पिकअपचा दरवाजा दोनदा आपटला.

"आम्ही तिकडे डासांना जेवू घालतोय आणि तू इथे बटाटे खातोस?"

"मी दहा नंबरात थांबलो होतो," त्राउस्ती उठून हात पुढे करत म्हणाला. "तुम्ही कुठे होतात?"

"दहा नंबरात!"

"बसा," हाल्दोरा म्हणाली. "सगळे बसा. स्वावा, तुझं शिक्षण उपयोगी पडेल असं काहीतरी झालंय."

ओद्दुर बसला, कारण बहिणीचा हा आवाज तो लहानपणापासून ओळखत होता. टेबलावरच्या मेणकापडाला चौकटी होत्या. त्राउस्तीने खडूने सहा बाय सहा आखून घेतल्या होत्या आणि एका चौकटीत साखरेचा खडा ठेवला होता. त्याने सांगायला सुरुवात केली, हाल्दोरा मध्ये मध्ये भर घालू लागली, आणि ओद्दुरला त्यातलं काही कळलं नाही. दोघं एकाच वेळी बोलत होती. कोण खालून मोजत होतं, कोण बैल वळवत होतं.

"थांबा, थांबा," स्वावा म्हणाली. तिचा चेहरा आक्रसला होता. शाळेत असताना गणित सुटायच्या आधी व्हायचा तसा. "तुमच्याकडे एक खाली असतो? कॅनडात सगळीकडे?"

"मग कुठे असणार?"

"वर."

"वरून कोणी मोजतं का? घर बांधताना छपरापासून सुरुवात करता?"

स्वावाने दुसरा खडा घेतला आणि वरून मोजून इकडच्या दहावर ठेवला. दोन खडे एकाच उभ्या रांगेत होते, मध्ये दोन रिकाम्या चौकटी. वरचा ट्वेटांच्या जवसात, खालचा... ओद्दुरने मान वळवली. खालचा, ते बसले होते तिथे.

"काहीतरीच," तो म्हणाला. "योगायोग आहे."

"असेल. पब्बी, चर्च आफी कुठे म्हणायचे?"

"सोळामध्ये. तेच तर सांगतोय, त्यांना—"

ती खालून मोजत गेली. तिसऱ्या रांगेत वळली. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. तिने तिथे खडा ठेवला. मग, कोणी सांगितलं नसताना, त्याच चौकटीवर वरून मोजत आली. एकोणीस, वीस, एकवीस.

मार्लिसने हातातला केकचा डबा हळूच खाली ठेवला.

ओद्दुरच्या डोक्यात विचित्र गोष्ट झाली. आफी वारले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याला आठवत होता तो फक्त विनोद. चर्च न सापडणारा म्हातारा. त्या विनोदावर तो वाढला होता, त्याने तो स्वावाला दिला होता. आता म्हातारा शहाणा निघाला, तर मग हसत कोण होतं आणि कशावर?

"पंधरा म्हणजे कुरण," हाल्दोरा म्हणाली. "मी तिथे कॉफी नेऊन द्यायची. पब्बींना."

"तुला माहीत होतं?"

"मला माहीत होतं हे मला माहीत नव्हतं."

"हे काय उत्तर झालं, दोरा?"

"माझ्याकडे तेवढंच आहे. मृत्युपत्र इंग्रजीतून वाचलं, सगळे म्हणाले दहा नंबर ट्वेटांचा, शाळेतला नकाशाही तेच म्हणत होता. मी नकाशा धरला. किटली विसरले."

"आणि पब्बी? तू कॉफी नेऊन द्यायचीस, आणि ते तिथे असायचे. म्हणजे आफींचा पंधरा त्यांना ठाऊक होता." ओद्दुरला आपलाच आवाज आवडेना. "म्हणजे दहाही."

हाल्दोरा खिडकीबाहेर वाकड्या ओकाकडे बघत होती. "मला नाही माहीत. तेही विसरले असतील. माणूस विसरू शकतो."

"विसरून नेमकं इथेच घर बांधू शकतो?" हे स्वावा म्हणाली, आणि म्हटल्यावर तिने तोंडावर हात ठेवला.

"माझ्या वडलांनी कधी खोटं सांगितलं नाही!"

"नाहीच," त्राउस्ती म्हणाला. "म्हणून तर त्या उत्तरापुढे मम्माला काही लिहिता आलं नाही."

सगळ्यांत आधी मार्लिस सावरली. ती नेहमीच सावरायची. चाळीस वर्षांपूर्वी ओद्दुरने तिच्याशी लग्न केलं त्याचं ते एक कारण होतं. "हे बघा, झालं ते झालं. पन्नास वर्षांनंतर कुठलं कोर्ट हे ऐकणार आहे? दोराने अजून एक हिवाळा त्या पायऱ्यांवर काढायचा का, प्रश्न तो आहे. त्राउस्ती सही द्यायला तयार होऊन आलाय. हो ना?"

"हो," त्राउस्ती म्हणाला. "द्या कागद."

"त्राउस्ती काका, विचार करा," स्वावा म्हणाली.

"अगं, तू कोणाच्या बाजूने आहेस?" मार्लिस म्हणाली.

"मला माहीत नाही! सकाळी माहीत होतं."

ओद्दुरने कोटाच्या खिशातून कागद काढला. आपला हात पुढे जाताना त्याने पाहिला. हवं होतं ते हेच होतं. त्राउस्तीने चष्मा लावून सगळा कागद ओठ हलवत वाचला आणि सही केली, मोठ्या मासेवाल्या अक्षरात, मधलं नाव राग्नाचा मुलगा असं धरून. मग पेनला टोपण लावलं.

"साखर लावलीत ना तुम्ही केकवर," तो मार्लिसला म्हणाला. "वाईट नाही. पण वेलदोडा कमी आहे."

मार्लिसने सुस्कारा सोडला. हाल्दोराने बटाट्यांवरचं फडकं सरळ केलं.

ओद्दुरने कागद घडी करायला उचलला, आणि सवयीने शेपटाकडून वाचला. रेंज पंचावन्न. टाउनशिप एकशे साठ. सेक्शन दहा. वायव्य चौथाईची नैर्ऋत्य चौथाई. वकिलाने मृत्युपत्रातलं वाक्य जसंच्या तसं घेतलं होतं.

"हे..." तो म्हणाला.

"तुमच्या वकिलाने दहा नंबर मागितला," त्राउस्ती म्हणाला. "मी दिला. ट्वेटांच्या जवसावर आता माझा काडीचा हक्क नाही."

स्वावा हसली आणि लगेच थांबली. मार्लिसला कळायला थोडा वेळ लागला. मग ती ओद्दुरकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "वकिलाला तर हेच हवंय. त्याने स्वतःच लिहिलंय. उद्या नेऊन दे. कोणी खोटं बोललं नाही."

कोणी खोटं बोललं नाही. ओद्दुरने कागद हातात धरला. तो व्यवस्थित होता, सही होती, तारीख होती. उद्या कोणी विचारलं तर तो म्हणू शकत होता, कागद बघ. अगदी त्याच आवाजात म्हणू शकत होता. तो आवाज त्याला ठाऊक होता. त्या आवाजाच्या शेजारी बसून तो वीस वर्षं जेवला होता.

पब्बींना ठाऊक होतं की नव्हतं, हे त्याला कधीच कळणार नव्हतं. त्याला स्वतःला मात्र आता ठाऊक होतं, आणि हे विसरायला किती दिवस लागतील, याचा अंदाज त्याला येत नव्हता.

"या चाळीस एकरांचं तू काय करशील?" त्याने विचारलं.

"मी? पाणी प्यायलो की. दोराला भाडेकरू ठेवीन. भाडं केकमध्ये घेईन, वेलदोडा घातलेला."

"आणि पायऱ्या?" मार्लिस म्हणाली. "पायऱ्यांचं काय?"

"पायऱ्या दुरुस्त होतात," हाल्दोरा म्हणाली. सगळ्या दिवसात तिने आपल्याबद्दल बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

ओद्दुर उठला. भिंतीवरच्या फोनपाशी गेला, नंबर फिरवला आणि वकिलाला बोलवा म्हणाला. पाठीमागे त्राउस्ती कॉफीत खडा बुडवून चोखत होता. बहुतेक ट्वेटांचा.

"हो, सही झाली," ओद्दुर फोनमध्ये म्हणाला. "ती ठेवा तुमच्याकडे. पण व्यवहारातून चाळीस एकर वगळायचेत... हो, बीटवाल्याला नसेल चालत तर मोडू दे... लिहून घ्या. वायव्य चौथाईची नैर्ऋत्य चौथाई."

पलीकडून प्रश्न आला. ओद्दुरने वळून मेणकापडाकडे पाहिलं. दोनदा मोजलं, एकदा वरून, एकदा खालून.

"कागदावर सत्तावीस लिहा," तो म्हणाला. "नाही, नाही, तुमची चूक नाही झाली. घरात आम्ही त्याला दहा म्हणतो."